व्हिनिअरची फणेरपेटी : आधी बंद करावी, मग कापावी

जुन्या घरांतून झाकणात आरसा बसवलेली फणेरपेटी असे; फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी तिच्यात राहत. तशी पेटी अखंड शिसवीत करायची तर आज लाकूडही परवडत नाही आणि तेवढे कापवतही नाही. प्लायवर व्हिनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, लावून मात्र ती घरच्या टेबलावर करता येते. खाली दिलेली पेटी २५० मिमी लांब, १७० मिमी रुंद आणि ११० मिमी उंच आहे. तिची सारी शोभा एकाच गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे लाकडाच्या रेषा कोपऱ्यावर न तुटता पेटीभोवती फिरल्या पाहिजेत आणि पेटीवरून झाकणावर सलग चढल्या पाहिजेत.

त्यासाठी चार बाजू वेगवेगळ्या करून त्यांवर व्हिनिअर लावू नये. ९ मिमी प्लायची ९०० मिमी लांब आणि १२० मिमी रुंद अशी एकच पट्टी घ्यावी आणि प्लायच्या वरच्या थराची रेषा पट्टीच्या आडवी येईल अशा बेताने ती कापावी, म्हणजे व्हिनिअरची रेषा तिला काटकोनात बसते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता, अधिक सपाट असते हे खरे, पण त्याच्या कडेत बिजागरीचे स्क्रू नीट धरत नाहीत.

बाजारात प्लायवर आधीच चिकटवलेले व्हिनिअरचे जाड तक्ते मिळतात, ते या कामाचे नाहीत. साधारण अर्धा मिमी जाडीचे सुटे व्हिनिअर मागावे. पोलादी पट्टी घट्ट दाबून धरून नव्या पात्याच्या कटरने तीनचार हलक्या हातांत ते कापावे. रेषेला आडवे कापताना शेवटच्या टोकाला व्हिनिअर चिरते, म्हणून कापायच्या जागी आधी मास्किंग टेप लावावी. प्रत्येक बाजूला पाच मिमी जास्त ठेवावे.

व्हिनिअर दोन्ही बाजूंना लावायचे आहे. आतल्या बाजूला साधे, स्वस्त चालेल, पण ते टाळता येणार नाही. माझ्या पहिल्या पेटीचे झाकण मी एकाच बाजूने मढवले होते आणि पहिल्याच पावसाळ्यात ते पापडासारखे वाकले. कारण सोपे आहे : डिंक वाळताना आणि हवेतला ओलावा बदलताना व्हिनिअर प्लायला ओढते, आणि ती ओढ दुसऱ्या बाजूने तोलली गेली नाही तर प्लाय वाकते.

लाकडाचा पांढरा डिंक प्लायवर लावावा, व्हिनिअरवर नाही, कारण ओले झालेले व्हिनिअर लगेच गुंडाळू लागते. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने पातळ आणि एकसारखा थर पसरावा. वरखाली प्लास्टिकचा कागद ठेवावा, नाहीतर व्हिनिअरच्या छिद्रांतून झिरपलेला डिंक दाबाच्या फळ्यांनाही चिकटतो. मग दोन सपाट जाड फळ्यांमध्ये घालून सी-क्लॅम्पने रात्रभर आवळून ठेवावे. क्लॅम्प मधल्या भागापासून टोकांकडे आवळत जावेत, म्हणजे हवा आणि जादा डिंक बाहेर निघतो.

सकाळी सगळ्या पृष्ठभागावर नखाने टिचक्या मारून पाहाव्यात. जिथे पोकळ आवाज येईल तिथे फुगा आहे. रेषेच्या दिशेनेच बारीक चीर देऊन आत डिंक सरकवावा आणि कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी, मग थंड होईपर्यंत वजन ठेवावे.

आता पट्टी ११२ मिमी रुंदीला नेमकी करून घ्यावी. तिच्या आतल्या बाजूला, दोन्ही लांब कडांशी, ६ मिमी उंच आणि ५ मिमी खोल खाच ट्रिमरने, म्हणजे खाचा पाडायच्या छोट्या हातयंत्राने, पाडावी. झाकणाचा आणि तळाचा ६ मिमी प्लाय तिच्यात बसतो. त्यानंतर ४५ अंशांत डावी, पुढची, उजवी आणि मागची बाजू याच क्रमाने तुकडे कापावेत. रेषा न जुळणारा एकमेव कोपरा मग मागे, डाव्या हाताला जातो. तुकडे बाहेरची बाजू वर करून ओळीत मांडावेत, सांध्यांवर टेप ताणून लावावी, उलटे करून खोबणींत डिंक भरावा आणि पेटी गुंडाळून बंद करावी. गुण्या लावून काटकोन तपासावा. तळ आणि वरचा प्लाय आतल्या अंगाला आधी मढवून लगेच बसवावेत, आणि वर चांगले व्हिनिअर अगदी कडेपर्यंत लावून खाचेचा सांधा झाकावा.

झाकण अजून सुटे झालेले नाही. वरून ३५ मिमीवर चारी बाजूंनी कटरने रेघ खोल करावी, तिच्यावर टेप लावावी आणि मगच बारीक दातांच्या करवतीने सावकाश कापत जावे. दोन मिमी करवतीत जातात, म्हणून उंची ११२ धरली होती. उघड्या पडलेल्या कडांवर व्हिनिअरच्या अरुंद पट्ट्या चिकटवाव्यात.

घासताना मशीन वापरू नये, अर्ध्या मिमीत चूक सुधारायला जागा नसते. ठोकळ्यावर १८०, मग २४० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर रेषेच्या दिशेनेच फिरवावा. ओलसर फडके फिरवले की डिंकाचे डाग फिके दिसतात. ते आताच काढावेत, कारण त्यांवर पॉलिश चढत नाही.

पाव लिटर स्पिरिटमध्ये तीस ग्रॅम चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, रात्रभर विरघळवून मलमलीतून गाळावा, आणि कापसाच्या बोळ्याने पातळ हात द्यावेत. दमट हवेत लाख पांढुरकी पडते, त्यामुळे कोकणात हे काम जुलैत काढू नये.

पितळी बिजागरीचे स्क्रू मऊ असतात आणि त्यांचे डोके चटकन तुटते. छिद्र पाडून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढावा, मग पितळी स्क्रूला मेण लावून बसवावा. आरसा सगळ्यात शेवटी. तो चिकटवू नये, कारण काही डिंकांनी मागचा पारा काळा पडतो. चारी बाजूंना सागाच्या बारीक पट्ट्या ठोकून तो झाकणात अडकवावा, म्हणजे फुटला तर बदलताही येतो.