पदरचं वाक्य टाकण्याआधी

नागपुरात नाटक केलेल्या नटाला पदरचं वाक्य टाकायला शिकवावं लागत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत समोरचा ब्लँक झाला तर आपण सांभाळून घेतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्रभराच्या प्रयोगात पब्लिक रंगलं की नट प्रसंग वाढवत नेतो, आणि प्रॉम्प्टर त्याला परत संहितेवर आणतो. ही तयारी घेऊन तुम्ही मालिकेच्या सेटवर जाल आणि तिथेच अडकाल. मी अडकले.

सीन साधा होता. सासूला चहा द्यायचा, ‘दादा येणारेत संध्याकाळी’ म्हणायचं आणि निघायचं. मास्टरमध्ये, म्हणजे अख्खा सीन एकत्र घेतात त्या शॉटमध्ये, कप ठेवता ठेवता मी जोडून दिलं, ‘आणि साखर कमी घातलीय तुमच्यासाठी.’ युनिट हसलं, दिग्दर्शकाने ओके दिला. मग सासूच्या भूमिकेतल्या ताईंचा क्लोज, म्हणजे फक्त त्यांच्या चेहऱ्याचा शॉट लागला. त्यांचा क्यू, म्हणजे जो शब्द ऐकून त्यांनी बोलायचं तो, होता ‘संध्याकाळी’. त्या शब्दावर त्यांनी बोलायला सुरुवात केली, इकडे मी माझी साखर पुढे नेत होते. दोन आवाज एकावर एक चढले. सिंक साउंडमध्ये, म्हणजे आवाज सेटवरच रेकॉर्ड होतो तेव्हा, असा ओव्हरलॅप एडिटरला नीट सोडवता येत नाही. पुन्हा घ्यावं लागलं. माझ्या क्लोजला तर मी ‘साखर कमीच टाकली हां’ म्हणाले, आणि कप वाक्याच्या आधीच ठेवून मोकळी झाले. म्हणजे मास्टरमध्ये कप हातात आणि क्लोजमध्ये टेबलावर. एडिटरने कापायचं कुठे? वाक्य उडालं, त्याच्यासोबत माझा अख्खा क्लोज उडाला.

हे नीट समजून घ्या. मास्टरमध्ये गेलेलं वाक्य ही संहिताच होते. तेच शब्द, तोच क्रम, कप त्याच अक्षरावर खाली, प्रत्येक अँगलला. टाकायचंच असेल तर रिहर्सलला टाका, समोरच्या कलाकाराला आणि कंटिन्युइटी (प्रत्येक शॉटमध्ये सगळं सारखं राहतंय का ते) बघणाऱ्या असिस्टंटला सांगून. आणि लिहिलेल्या शेवटच्या शब्दाच्या आधी टाका, नंतर नाही. ‘साखर कमी घातलीय, आणि दादा येणारेत संध्याकाळी’ असं म्हटलं असतं तर ताईंचा क्यू शाबूत राहिला असता. समोरच्याचा क्यू खाणाऱ्या नटाला पुढच्या वेळी कोणी बोलावत नाही, मग तो कितीही हजरजबाबी असो.

मोठ्यांचे दाखले देऊन वाद घालू नका. ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये (१९७६) रॉबर्ट डी निरोचं आरशासमोरचं बोलणं त्याचं स्वतःचं होतं, पटकथेत तो आरशाशी बोलतो एवढंच होतं. पण फ्रेममध्ये तो एकटा होता, कोणाचा क्यू तुटणार? दादा कोंडके ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये बहार आणायचे ती वगनाट्यात. तिथे तेच वाक्य दुसऱ्या अँगलसाठी पुन्हा बोलायचं नव्हतं.

शनिवार-रविवारच्या इम्प्रोव्हायझेशन कार्यशाळांवर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे सुचायला शिकवतात, जे तुम्हाला आधीच येतं. सुचलेलं जसंच्या तसं पुन्हा करायला कोणी शिकवत नाही. त्यापेक्षा तुमचा सीन नसेल तेव्हा कंटिन्युइटीवाल्या असिस्टंटशेजारी बसा. मला कामाचं जे काही मिळालं ते तिथे.

पण म्हणून घाबरून गप्प बसू नका. मालिकेचा सीन कित्येकदा त्याच दिवशी हातात पडतो, वाक्य तोंडात बसत नाही, आणि दिग्दर्शकच म्हणतो, ‘तुझ्या पद्धतीने बोल.’ तेव्हा आपल्या पोरांना जमतं. अभिनयाचा अनुभव नसलेली नागपूरची मुलं ‘झुंड’मध्ये (२०२२) अमिताभ बच्चनसमोर उभी राहिली, ती आपल्याच बोलीच्या जोरावर. फक्त पात्र पुण्याचं असेल तर सुचलेल्या वाक्यात ‘मी येऊन राहिलो’ येतंय का, ते आधी मोठ्याने बोलून बघा. घाईत पहिली आपली बोलीच तोंडात येते.

आणि ऑडिशनचा व्हिडिओ पाठवताना पहिला टेक शब्दशः द्या. मोकळा टेक त्यांनी मागितला, तरच पाठवा.