वेली गुलाब लावण्यापूर्वीची तयारी

वेली गुलाबाला द्राक्षवेलीसारखे तणावे नसतात आणि मिरवेलीसारखी चिकटणारी मुळेही नसतात, त्यामुळे रोप घरी येण्याआधी आधार उभा असणे ही तयारीतली पहिली बाब मानावी. भिंत निवडायची असल्यास पूर्वेकडची निवडावी. पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये रात्र पडेपर्यंत तापलेली असते आणि तिच्याजवळची कोवळी पालवी होरपळते. भिंतीपासून सुमारे १० सेंटीमीटर अंतर सोडून जाड जस्ती तारा आडव्या ओढाव्यात, पहिली जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर आणि पुढच्या प्रत्येकी ३० ते ४० सेंटीमीटरवर. हे अंतर सोडले नाही तर हवा खेळत नाही व भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीजन्य रोग) लवकर धरते.

तारा आडव्याच का, हे आधी समजून घ्यावे. सरळ वर जाऊ दिलेली फांदी बहुधा शेंड्याकडेच फुलते; तीच आडवी वाकवून बांधली, तर शेंड्याचा जोर मोडून तिच्या लांबीभरच्या डोळ्यांतून, म्हणजे फांदीवरच्या सुप्त कळ्यांतून, फुटवे निघतात आणि त्यांवर फुले येतात. आधार खांबाचा असेल तर फांद्या त्याभोवती वळसे देत न्याव्यात. बांधण्यासाठी सुतळी घ्यावी, तार नव्हे, आणि गाठ सैल ठेवावी.

खड्डा ६० सेंटीमीटर लांब, रुंद व खोल असा, भिंतीपासून ४० सेंटीमीटर दूर खणावा. काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून तळाशी विटांचे तुकडे घालून वर पोयटा, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड यांचे मिश्रण भरावे. लागवड पावसाळ्याच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरमध्ये करावी. मात्र डोळा बांधलेला भाग, म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर हव्या जातीचा डोळा जोडलेली जागा, मातीच्या वर राहील याकडे लक्ष द्यावे, कारण त्याखालून निघणारा जंगली फुटवा वेळीच काढला नाही, तर तोच साऱ्या झाडाचा ताबा घेतो.

रोप शक्यतो फुलावर असतानाच पाहून घ्यावे, कारण चिठ्ठीवरचे नाव आणि फुलाचा रंग यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. कृषिशास्त्रज्ञ व गुलाबाच्या नव्या जाती तयार करणारे डॉ. बी. पी. पाल यांची ‘दिल्ली व्हाइट पर्ल’ ही आपल्याकडची वेली जात मिळाल्यास अवश्य घ्यावी. नावाआधी ‘क्लाइंबिंग’ लागलेल्या अनेक जाती झुडपी गुलाबाच्या एखाद्या फांदीत आपोआप झालेल्या बदलातून आलेल्या असतात आणि कोवळ्या वयात खोल छाटल्यास त्या पुन्हा झुडपी होऊ शकतात.

म्हणूनच धारदार सिकेटर (छाटणीची कात्री), कोपरापर्यंतचे हातमोजे आणि कापलेल्या जागी लावायचे बुरशीनाशक बोर्डो मलम हाताशी असले, तरी पहिली दोन वर्षे केवळ वाळलेले लाकूड काढावे. पुढे ऑक्टोबरमध्ये फुलून गेलेले बाजूचे फुटवे दोन-तीन डोळ्यांवर आखूड करावेत आणि मुख्य फांद्यांना हात लावू नये.