उज्जैनची पंचक्रोशी: टॉर्च घेतला का?

पंचक्रोशी म्हणजे उज्जैनभोवतीची पाच दिवसांची पायी यात्रा. इंदूरच्या मराठी घरांत तिची पहिली चूक भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी होते. यात्रा वैशाख कृष्ण दशमी ते अमावास्या, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण हा वैशाख माळव्याचा, पौर्णिमान्त, म्हणजे महिना पौर्णिमेला संपतो. आपल्या पंचांगात तीच तिथी चैत्र वद्य दशमी असते. वैशाख वद्य शोधून रजा टाकलीत तर महिनाभर उशिरा पोहोचाल आणि पडावावर, म्हणजे मुक्कामाच्या जागी, चिटपाखरूही भेटणार नाही. सोपा हिशेब असा, की अक्षय्य तृतीयेच्या लगेच आधीची अमावास्या ती यात्रेची. २०२५ मध्ये तृतीया ३० एप्रिलला होती आणि यात्रा २३ ते २७ एप्रिल. खेड्यापाड्यांतले लोक दोन-दोन दिवस आधीच निघतात. त्यांच्या नादाने तुम्ही निघू नका. पाणी, मंडप, दवाखाना या सरकारी सोयी दशमीच्या हिशेबाने लागतात. आधी गेलात तर रिकाम्या टाक्या बघाल.

तारीख पक्की झाली की पहिली खरेदी टॉर्च. बूट नंतर, औषधं नंतर. कारण ऐका. एप्रिलअखेर उज्जैनला पारा चाळिशीपार असतो, म्हणून शहाणा माणूस रात्री दोन-तीनला उठून चालायला लागतो आणि नऊ-साडेनऊला सावली गाठतो. आणि हा पंधरवडा वद्य. दशमीला चंद्र रात्री दोनच्या पुढे उगवतो, मग रोज पाऊण-एक तास उशिरा, आणि रोज बारीक. म्हणजे पाय जितके थकत जातात तितका अंधार वाढत जातो. रस्त्यावर ट्रॅक्टर आणि मोटारसायकली, कडेला खडी, शेतात कापलेल्या गव्हाची धसकटं. चपलेतून आरपार जातात ती. ‘मोबाइलला आहे की टॉर्च’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं, की मोबाइल चार्ज कुठे करणार? पडावावर एका प्लगला दहा वायरी लटकलेल्या असतात. म्हणून टॉर्च वेगळा, सेलवर चालणारा, जमल्यास डोक्याला बांधायचा, आणि सेलचा एक जादा जोड. थैलीत दाबून बटण आपोआप चालू होतं आणि सकाळपर्यंत सेल संपतात, त्यामुळे दिवसा एक सेल उलटा घालून ठेवा. माणशी एक टॉर्च. घरटी एक नव्हे, माणशी एक.

आता अंतरं. एकूण ११८ किलोमीटर. नागचंद्रेश्वर ते पिंगलेश्वर १२, तिथून करोहन २३, नलवा २१, अंबोदिया ६, कालियादेह २१, जैथल ७, उंडासा १६ आणि शेवटी क्षिप्रा घाट १२. पाच दिवसांत बसवा: १२, २३, २७, २८, २८. पहिल्या दिवशीचे बारा बघून हुरळून पुढे पळणारे तिसऱ्या दिवशी नलव्याला आडवे होतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर नलवा, कालियादेह आणि उंडासा हे उपपडावही मुक्कामासारखे वापरा. घाई कोणी सांगितली आहे?

सुरुवात पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वरापासून. महाकाल मंदिराच्या वरच्या मजल्यावरचा नागचंद्रेश्वर वेगळा. तो वर्षातून एकदा, नागपंचमीलाच उघडतो, आणि त्याच्या चौकशीत दरवर्षी कोणी ना कोणी सकाळ घालवतं. पटनी बाजारात नारळ वाहून देवाकडून बळ मागून घ्यायचं आणि परतल्यावर मातीचा घोडा वाहून ते परत करायचं. नारळ तिथेच मिळतो, घरून वाहून नेऊ नका.

वाटेत दर्शनं चारच, पण तीच यात्रेचा कणा. महाकाल मध्ये आणि चार दिशांना चार द्वारपाल. उज्जैनच्या चौऱ्याऐंशी महादेवांपैकी शेवटचे चार हेच. पूर्वेला पिंगलेश्वर: वडील गेल्यावर पोरकी झालेली पिंगला इथे मुक्त झाली अशी कथा. दक्षिणेला करोहनचा कायावरोहणेश्वर. दक्षाच्या यज्ञात वीरभद्राच्या गणांशी लढताना देवांनी काया गमावल्या आणि याच लिंगाच्या पूजेने त्या परत मिळाल्या. मोबाइलच्या नकाशात मात्र ‘करोहन, उज्जैन’ असंच टाका. नुसतं कायावरोहण टाकलंत तर बडोद्याजवळचं लकुलीशाचं क्षेत्र दाखवतो. सामान घेऊन मागून येणाऱ्या भाचरांना हे निघण्याआधी बजावा, कारण गर्दीत फोन लागत नाही. पश्चिमेला अंबोदियाचा बिल्वकेश्वर, बिल्व राजा आणि कपिल मुनींच्या वादाची जागा. उत्तरेला जैथलचा दुर्दरेश्वर, आणि चारांत गोष्ट रंगते ती इथे: अयोध्येच्या परीक्षित राजाने वनात भेटलेल्या मुलीशी लग्न केलं, अट एकच, तिला पाणी दाखवायचं नाही. पाणी दिसलं आणि ती गडप. राजाने चिडून राज्यभरचे बेडूक मारायला लावले, तेव्हा बेडकांचा राजा येऊन म्हणाला, ती माझी मुलगी. मुलांना चालवायचं असेल तर ही गोष्ट कालियादेह ते जैथल या सात किलोमीटरसाठी राखून ठेवा. दुपार सावलीत काढून निघालात तर जैथलला पोहोचेपर्यंत अंधार पडतो, तेव्हा गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात टॉर्च हवा. हो, पुन्हा टॉर्च.

पाय. नवे बूट अजिबात नकोत; महिनाभर वापरलेले, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असलेले. सुती मोजे तीन जोड. फोड येतो तो ओल्या मोज्यामुळे, नळावर पाय धुऊन तसेच मोजे चढवल्यामुळे. पाय धुतलेत तर कोरडे करा, व्हॅसलीन चोळा, मग मोजा. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर दहानंतर डांबरावर पाय ठेवू नका, नवस सावलीत बसूनही मोडत नाही. फोड फुटला तर कातडी सोलू नका, चिकटपट्टी लावा.

पाणी माणशी दोन लिटर, अंगावर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरला एक. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतलं तर उलटी होते. रस्त्यात सरबतवाले प्रेमाने ग्लास पुढे करतात, एखादा घ्या, पण बर्फाचं दहा वेळा पिऊन पोट बिघडवू नका. साखरेची आणि रक्तदाबाची औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवा. खाण्यासाठी सत्तू, गूळ, सेव-परमल (शेव-कुरमुरे). इंदूरच्या सियागंज बाजारातून घेतलेलं सगळं डब्यात नको, कापडी थैलीत. डाळ-बाटीचं सामान डोक्यावर नेणारे खेडूत पाहून मोह होईल. त्यांना सवय आहे, तुम्हाला नाही. भंडारे पुरतात. पाठीवर एकूण पाच किलोपेक्षा जास्त नको.

मुक्कामाला सतरंजी, पातळ चादर, पंचा. कपडे दोन जोड. रात्री शेताकडे जावं लागलं तर विंचवाचा विचार करा आणि टॉर्च घेऊन जा, उशाशी ठेवून झोपा, चपला झटकून घाला. बायकांनी जोडीने जावं, दोघींकडे टॉर्च.

कालियादेहला कुंडांत पाय बुडवा, खोल पाण्यात उतरू नका. म्हाताऱ्या माणसांच्या खिशात नाव, गाव आणि घरचा नंबर लिहिलेला कागद. सुट्टे पैसे. आधारची प्रत.

उंडाशानंतर फार काही सांगण्यासारखं नाही. क्षिप्रेवर स्नान, ज्यांच्यात दम उरला असेल त्यांनी कर्कराज मंदिर आणि अष्टतीर्थं, म्हणजे आठ तीर्थस्थानं, करावीत, बाकीच्यांनी सरळ पटनी बाजार गाठून मातीचा घोडा वाहावा. घोडा न वाहता इंदूरची बस धरू नका. अमावास्येला स्नानाची वेगळी गर्दी असते, दुपारच्या बसला उभं राहायलाही जागा मिळत नाही. संध्याकाळनंतर निघा किंवा घरून गाडी बोलवा.