बक्षीसपात्र कथा चारचौघांत वाचायची तर

वाचणार आहोत त्या कथेला बक्षीस मिळालंय, हे मंडळींना आधी सांगू नका. गोव्यात फोंड्याला आमच्या देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, पावसाळ्यात आम्ही नव्या कथा-कविता वाचतो, तिथला माझा पहिला नियम हाच. 'साहित्य अकादमी' एवढं कानावर पडलं की माणसं ताठ बसतात आणि न कळलेल्या जागीही माना डोलावतात. लेखकाचं नाव, पुरस्कार, सगळं नंतर.

बैठका जून ते चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, एवढ्यातच उरका. जत्रा सुरू झाल्या की निम्मे लोक नाटकाच्या तालमीत असतात.

कथा शोधायला गेल्या वर्षीचे दिवाळी अंक पुष्कळ झाले. संग्रह हवे असतील तर पणजीला पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, कदंब बसस्टँडवरून चालत जाता येतं. जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'ला २०१२ साली आणि किरण गुरवांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'ला २०२१ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला. दोन्ही कथांचीच पुस्तकं. साडेतीन हजार शब्दांना साधारण अर्धा तास लागतो, त्यापुढे एकाच आवाजात कान टिकत नाहीत. कथा त्याहून लांब असेल तर दोन बैठका करा. कुठे थांबायचं ते मात्र घरून ठरवून या, आणि थांबा ते प्रसंगाच्या मधेच. उरलेलं ऐकायला लोक भर पावसात येतात.

वाचणारा निवडायचा तो संवाद बघून. आम्ही घरी कोंकणी बोलणारी माणसं, कोल्हापूरकडचं बोलणं आमच्या तोंडी नाटकी होतं. मग आव आणू नये, साध्या सुरात वाचावं. संवाद मालवणी असले तर पुस्तक पेडण्याच्या आमच्या वहिनींकडे द्यायचं. त्यांनी एखादी शिवी मोकळ्या गळ्याने वाचली की भटजी दारातून डोकावून जातात. जाऊ देत. शिव्या गाळू नका, लेखकाने त्या तोलून घातलेल्या असतात.

कवितेला दोन वाचणारे लागतात, एकामागून एक. बोरकरांच्या छंदातल्या कविता आमच्याकडे पाठ असतात, पण मुक्तछंद हातात आला की लोक बातम्यांसारखं वाचत सुटतात. ओळ तुटते तिथे अर्धा श्वास थांबा. 'अर्थ काय?' हा प्रश्न बैठकीचा गळा घोटतो. कुठली ओळ लक्षात राहिली एवढंच विचारा, आणि ती पुन्हा वाचून घ्या.

चहा वाचन संपल्यावरच. कपबशा वाजायला लागल्या की कथा गेली.

आता पुरस्कार सांगा. "ह्यात बक्षीस देण्यासारखं काय होतं, बाई?" असं कुणीतरी हटकून विचारतं. उत्तर देऊ नका, बाकीच्यांना भांडू द्या. पुढच्या बैठकीची कथा निवडायचं काम ज्याने सगळ्यांत जास्त नाक मुरडलं त्याच्या गळ्यात घाला.