खंडवा रोडने गावाकडे : इंदूरला नव्याने आलेल्यांसाठी

इंदूरला बदली होऊन आलेली मंडळी घरभाडं, शाळा, गॅस याबद्दल विचारतात. ते इथे कोणीही सांगेल. गावाकडे जायच्या रस्त्याचं मात्र कोणी विचारत नाही, आणि दर पावसाळ्यात कुणाचा तरी बडवाहहून फोन येतो, "काका, पूल बंद आहे, आता काय करू?" म्हणून हे लिहून ठेवतोय.

धुळे-नाशिकवाले आग्रा रोडने सेंधव्यावरून जातात, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. भुसावळ, मुक्ताईनगर, मलकापूर, अकोला या बाजूच्या माणसाचा रस्ता इंदूर-इच्छापूर. वर्षानुवर्षं हा राज्य महामार्ग क्रमांक २७ होता, आता कागदोपत्री राष्ट्रीय झालाय. इंदुरात विचाराल तर 'खंडवा रोड' म्हणूनच विचारा. तेजाजीनगर चौकातून निघालात की सिमरोल (आयआयटी इथेच आहे), भेरूघाट, चोरल, बलवाडा, बडवाह, मोरटक्क्याला नर्मदा, मग सनावद, देशगाव, खंडवा, असीरगड, बऱ्हाणपूर, शहापूर आणि इच्छापूर. इच्छादेवीची टेकडी आली की महाराष्ट्र आलाच. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण त्यावरून वेळेचा हिशोब करू नका. भेरूघाटात एक ट्रेलर वळणावर अडकला की दोन्ही बाजूंनी रांगा लागतात, आणि आपले इंदुरी भिया (म्हणजे भैया) रांगेत थांबत नाहीत, समोरच्या बाजूने गाडी घालतात. मग कोणालाच हलता येत नाही. चौपदरीकरणात घाटातल्या वळणांसाठी बोगदे आले आहेत, पण म्हणून रात्री निघायची सवय लावून घेऊ नका.

आता मोरटक्का. घरसामानाचा ट्रक ऑगस्ट-सप्टेंबरात या रस्त्याने मागवू नका. पुन्हा सांगतो, मागवू नका. वर पुनासाला इंदिरा सागर धरण आहे, त्याखाली ओंकारेश्वर धरण. दोन्हींचे दरवाजे उघडले की मोरटक्क्याचं पाणी चढतं आणि प्रशासन पूल बंद करतं. सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर तर पाणी उतरलं तरी जड वाहनांना बंदीच होती. वाहतूकवाला फोनवर "हो जाएगा" म्हणतो, कारण थांबण्याचे पैसे तुमच्याकडूनच घ्यायचे असतात. ओळखीतल्या एका कुटुंबाचं सगळं सामान सनावदच्या बाजूला ताडपत्रीखाली अडकलं. गाद्या भिजल्या, फ्रिज गेला, वर रोजचं थांबणावळ भाडं. पावसाळ्यात ट्रक धुळे-सेंधवा-खलघाट असाच पाठवायला सांगा. डिझेल जास्त लागतं, लागू द्या. स्वतः छोट्या गाडीने येताना पूल बंद असल्याचं कळलं, तर बडवाहच्या नादी न लागता देशगावहूनच भिकनगाव-खरगोनकडे वळा आणि कसरावदवरून खलघाटचा पूल गाठा. श्रावणी सोमवारी ओंकारेश्वरच्या कावडींमुळेही जड गाड्या दुसरीकडे वळवतात, तेही ध्यानात ठेवा.

रेल्वेची आशा सध्या धरू नका. होळकरांनी इंग्रजांना १ कोटी रुपये कर्ज देऊन १८७० च्या दशकात खंडवा-इंदूर लोहमार्ग करून घेतला. पुढे अकोल्याची माणसं त्याच मीटरगेजने थेट महूला यायची. महूच्या बाजूचा मीटरगेज २०२३ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी थांबला.

रस्ता मात्र त्याहून फार जुना. सातपुड्यात बऱ्हाणपूरजवळ जी खिंड आहे तिच्यातूनच उत्तरेतल्या फौजा दक्षिणेत उतरायच्या, म्हणून असीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणत. अकबराने तो १६०१ मध्ये घेतला. मुमताज महल १६३१ मध्ये बऱ्हाणपुरातच वारली, आग्र्याला नेईपर्यंत तापीपलीकडे आहुखान्यात तिला पुरलं होतं. वेळ असेल तर कुंडी भंडारा बघा. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानाच्या काळात शहराला पाणी पुरवायला काढलेले भुयारी कालवे आहेत हे, आणि वरून दिसतात फक्त ओळीने विहिरींची तोंडं. मावा जिलबी बऱ्हाणपूरलाच खा, इंदूरची घेऊन तुलना करत बसू नका.

एक गोष्ट मात्र मला खटकते. इथली जुनी मराठी घराणी होळकरांच्या काळापासूनची. गणपतीत पेशव्यांवर तासभर बोलतील, पण रावेरखेडीला गेलेली त्यांच्यात मोजकीच. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी तिथेच नर्मदेकाठी वारले. नवीन आलेल्या तुम्ही तरी जा. सनावदहून बेडियाच्या रस्त्याने आत शिरावं लागतं. थंडीत जा, सकाळी लवकर निघा आणि डबा, पाणी सनावदलाच गाडीत घ्या, कारण समाधीजवळ जेवणाची सोय आहे असं धरून चालू नका.