रेसचे निकाल एक्सेलमध्ये आणताना

महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसचे निकाल कॉपी करून थेट शीटमध्ये पेस्ट केले, की घोळ तिथेच सुरू होतो. दोन घोड्यांमधलं अंतर १/२ असेल तर एक्सेल त्याची तारीख करतं. १-४ असा फॉर्म, म्हणजे घोड्याचे मागच्या रेसमधले क्रमांक, हाही तारीखच होतो. मग सेलचं फॉरमॅट बदलून उपयोग नसतो. मूळ मजकूर गेलेला असतो आणि हाती ४५-४६ हजारांच्या घरातला कसलातरी आकडा उरतो.

म्हणून पेस्ट करण्याआधी सगळे कॉलम 'टेक्स्ट' करा आणि पेस्ट करताना 'मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग' निवडा. सीएसव्ही फाइल डबल-क्लिकने उघडू नका. 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि डेटा टाइप ओळखू नये असा पर्याय द्या. 'फ्रॉम वेब' वापरत असाल तर 'ट्रान्सफॉर्म डेटा' उघडून उजवीकडच्या यादीतली 'चेंज्ड टाइप' ही पायरी फुलीवर क्लिक करून काढा. पॉवर क्वेरी, म्हणजे एक्सेलमधलं डेटा आणणारं साधन, ती न विचारता घालते. आणलेलं हे शीट 'कच्चा' नावाने ठेवा आणि त्याला हात लावू नका. दुरुस्त्या दुसऱ्या शीटवर.

एक ओळ म्हणजे एका रेसमधला एक घोडा. तारीख, रेसकोर्स, रेस क्रमांक, रेसचं अंतर मीटरमध्ये, क्लास (रेसचा दर्जा), पेनेट्रोमीटरचं रीडिंग (ट्रॅक किती मऊ-कडक ते), घोडा, जॉकी, ट्रेनर, वजन, ड्रॉ (सुरुवातीच्या गेटचा क्रमांक), रेटिंग (घोड्याच्या कुवतीचे अधिकृत गुण), निकालातला क्रमांक, मार्जिन (दोन घोड्यांमधलं अंतर), वेळ, भाव. तारीख, रेसकोर्स आणि रेस क्रमांक जोडून प्रत्येक रेसची ओळख तयार करा. घोड्याच्या नावाशेजारी आईचं नाव ठेवा, कारण नावं पुन्हा वापरली जातात. वेबवरून आलेल्या नावांत न दिसणारी स्पेस असते आणि नुसत्या 'ट्रिम'ने ती जात नाही. आधी 'सब्स्टिट्यूट'ने कॅरेक्टर १६० काढा, मग 'ट्रिम' लावा.

वेळेचं जरा जपून. १:२४.५६७ असं लिहिलेलं असेल तर 'टाइमव्हॅल्यू'पेक्षा कोलनवर कॉलम फोडणं बरं: डावीकडचा आकडा गुणिले ६०, अधिक उजवीकडचा, म्हणजे ८४.५६७ सेकंद. दशांश नसलेलं १:२४ एक्सेल एक तास चोवीस मिनिटं धरतं, आणि सरासरी बिघडली तरी शीटवर लाल काही दिसत नाही.

मार्जिनसाठी छोटं कोष्टक करून 'व्हीलुकअप' लावा: शॉर्ट हेड ०.१, हेड ०.२, नेक ०.३, पुढे ०.५, ०.७५ वगैरे, सगळं घोड्याच्या लांबीत. आकडे पुढच्या घोड्यापासूनचे आहेत की विजेत्यापासूनचे, हे आधी पाहा. तिसऱ्याचा आकडा दुसऱ्यापेक्षा लहान सापडला तर ते नक्की पुढच्या घोड्यापासूनचे. मग विजेत्यापासूनचं अंतर मिळवायला बेरीज करत जा.

फॉर्ममधलं शून्य हा सगळ्यात फसवा आकडा. मागे पडलेल्या घोड्याला शून्य लिहितात, आणि क्रमांकांची सरासरी काढली की तोच घोडा विजेत्यापेक्षा सरस ठरतो. शून्याच्या जागी रेसमधल्या घोड्यांची संख्या घाला किंवा तो सेल रिकामा ठेवा. रेसमधून काढलेले घोडे मात्र सरळ वगळा.

टोटचा (रेसकोर्सवरच्या सामायिक बेटिंगचा) डिव्हिडंड, म्हणजे जिंकल्यावर मिळणारी रक्कम, १० रुपयांवरचा असतो. ३२ म्हणजे रुपयाला ३.२ परत, आणि त्यात लावलेला रुपयाही आला. बुकीच्या ३/१ शी तुलना करायची तर ३/१ चे ४ करा.

रेटिंग जुळवताना बहुतेकांची फसगत होते. घोड्याच्या पानावर आजचं रेटिंग असतं. ते मागच्या वर्षीच्या रेसला जोडलं की निकाल आधीच माहीत असल्यासारखं होतं आणि कागदावर कुठलीही पद्धत जिंकते. रेटिंग त्या दिवशीच्या रेसकार्डवरूनच घ्या. रेसनंतर कळणाऱ्या कॉलमांना वेगळा रंग द्या आणि अंदाजाच्या सूत्रात त्यांना येऊ देऊ नका.

शेवटी पिव्होट टेबल लावून प्रत्येक रेसमध्ये पहिल्या क्रमांकाच्या ओळी मोजा. एक हवी. दोन असतील तर डेड हीट (पहिल्या क्रमांकासाठी बरोबरी) आहे की तीच रेस दोनदा आली, ते निकालपत्रावर पाहा.