क्रेटा की ग्रँड विटारा? मध्यम एसयूव्हींची तुलना करताना या चुका टाळा

पंधरा-सतरा लाखांचं बजेट, घरात पाच माणसं आणि एसयूव्हीच घ्यायची असं ठरलेलं. अशा बऱ्याच घरांत चर्चा शेवटी दोन नावांवर येऊन थांबते: ह्युंदाई क्रेटा आणि मारुती ग्रँड विटारा. मग ‘यातली चांगली कोणती?’ हा प्रश्न भाऊजींपासून मेकॅनिकपर्यंत सगळ्यांना विचारला जातो. माझ्या मते हा प्रश्नच आधी बदलायला हवा. क्रेटा ही एक गाडी नाही. दहा-अकरा लाखांपासून वीस लाखांपर्यंत पसरलेल्या त्या नावाखाली तीन वेगवेगळी इंजिनं आहेत: साधं पेट्रोल, जास्त ताकदीचं टर्बो पेट्रोल आणि डिझेल. ग्रँड विटाराचंही तसंच. तुलना करायची ती तुमच्या बजेटात बसणाऱ्या दोन नेमक्या व्हेरिएंटची, आणि तीही तुमच्या रोजच्या रस्त्यावर.

‘हायब्रिड’ शब्दावर विसंबणं

ग्रँड विटारा घेणाऱ्यांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. तिच्यात दोन प्रकारचं हायब्रिड मिळतं. ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणजे चार सिलिंडरचं १०३ पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप) नेहमीचं पेट्रोल इंजिन आणि त्याला थोडासा हातभार लावणारी छोटी मोटर. ही गाडी नुसत्या विजेवर चालत नाही. दुसरं स्ट्राँग हायब्रिड. त्यात तीन सिलिंडरचं टोयोटाचं इंजिन, मोठी बॅटरी आणि स्वतः गाडी ओढू शकणारी मोटर असते, दोन्ही मिळून ११६ पीएस. लिटरला २७.९७ किलोमीटर हा जाहिरातीतला आकडा फक्त या दुसऱ्या गाडीचा आहे. शेजाऱ्यांच्या स्ट्राँग हायब्रिडचं ॲव्हरेज ऐकून स्मार्ट हायब्रिड बुक करणारे थोडे नाहीत. कोटेशनवर कोणतं हायब्रिड लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा. स्ट्राँग हायब्रिडच हवी असेल तर टोयोटाची हायरायडरही बघून या. दोन्ही कर्नाटकात बिडदीच्या एकाच कारखान्यात तयार होतात, फरक वेटिंग, वॉरंटी आणि सर्व्हिसचा.

कागदावरच्या ॲव्हरेजवर हिशोब मांडणं

जाहिरातीतलं ॲव्हरेज प्रयोगशाळेत मोजलेलं असतं. तिथे स्वारगेटचा सिग्नल नसतो, एसी नसतो, मागे तीन माणसं नसतात. म्हणून कागदावरच्या आकड्यांची वजाबाकी करून ‘इतके वाचतील’ म्हणणं फसवं आहे. हिशोब तुमच्या महिन्याच्या किलोमीटरवर करा.

उदाहरण म्हणून धरू की शहरातल्या गर्दीत साधी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी लिटरला १३ देते आणि स्ट्राँग हायब्रिड २२. महिन्याला १००० किलोमीटर म्हणजे वर्षाला १२,०००. पहिलीला सुमारे ९२३ लिटर पेट्रोल लागेल, दुसरीला ५४५. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला ४० हजारांच्या जवळपास वाचतात. दोन व्हेरिएंटच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला साडेसात वर्षं लागतील, कर्जाचं व्याज वेगळंच. महिन्याला २००० किलोमीटर होत असतील तर हीच मुदत चार वर्षांच्या आत येते. आणि शनिवार-रविवारीच गाडी बाहेर काढणाऱ्याने हायब्रिड पैसे वाचवण्यासाठी घेऊच नये. शांत, क्लचविना चालणारी गाडी आवडली म्हणून घ्यावी, तेही योग्यच कारण आहे.

अजून एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. स्ट्राँग हायब्रिडची खरी बचत थांबत-चालत जाणाऱ्या रस्त्यावर होते, कारण ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते. एक्स्प्रेसवेवर एकाच वेगाने जाताना हा फायदा बराच आटतो. रोज सातारा-पुणे करणाऱ्याने डिझेलचा विचार जरूर करावा.

चार किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी डिझेल

क्रेटाचं डिझेल इंजिन मला मनापासून आवडतं. २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, तोही १५०० आरपीएमपासून, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच, त्यामुळे भरलेली गाडी घाट चढताना कुरकुरत नाही. पण आजच्या डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट भरपूर तापावा लागतो. शाळा, भाजी मंडई, क्लास, परत घर अशा छोट्या फेऱ्यांत तो तापतच नाही आणि फिल्टर तुंबायला लागतो.

गाडी आधीच घेतली असेल आणि डीपीएफचा दिवा लागला तर घाबरून बंद करू नका. मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने थोडा वेळ चालवा, बहुतेक वेळा दिवा विझतो. दिव्याकडे आठवडेच्या आठवडे दुर्लक्ष केलं, तर मात्र वर्कशॉपचं बिल मोठं येतं. आणि सगळा वापर गावातल्या गावातच असेल तर क्रेटाचं साधं पेट्रोल बघा.

टेस्ट ड्राइव्ह एकट्याने, सपाट रस्त्यावर

शोरूमची टेस्ट ड्राइव्हची गाडी बहुधा टॉप मॉडेलची असते. तुम्ही बुक करणार मधलं व्हेरिएंट, मॅन्युअल गिअरचं, आणि चालवून बघता टर्बो ऑटोमॅटिक. १६० पीएसच्या टर्बोने खूश होऊन ११५ पीएसचं साधं पेट्रोल घरी आणलं तर पहिल्याच सहलीला मन खट्टू होतं. ‘मी घेणार तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स द्या, नसेल तर दुसऱ्या डीलरकडे जातो’ असं स्पष्ट सांगा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

मग घरच्यांना घेऊन जा, सगळ्यांना. पाच माणसं आणि सामान म्हणजे पावणेचारशे किलोंचा भार, तो चढला की गाडीचा खरा स्वभाव कळतो. जवळच्या चढावर न्या: पुण्यात बोपदेव, साताऱ्यात यवतेश्वरचा रस्ता, कोल्हापुरात जोतिबाचा डोंगर. एसी चालू ठेवा. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचला. ओव्हरटेक करताना गिअर किती वेळा खाली आणावा लागतो ते बघा. स्ट्राँग हायब्रिड असेल तर लांब चढावर बॅटरी उतरल्यावर इंजिनाचा आवाज किती वाढतो तेही ऐका.

मागच्या सीटचा निकाल आई-बाबांना देऊ द्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढताना पाय किती उचलावा लागतो, उतरताना आधाराला काय आहे, मांड्यांना आधार मिळतो की नाही, हे ब्रोशरवर लिहिलेलं नसतं. जमिनीपासूनची उंची ग्रँड विटाराची २१० मिलिमीटर आणि क्रेटाची १९०. कोकणातल्या घराच्या कच्च्या वाटेला २१० बरी, पण उंचीचा आकडा आणि चढ-उतारातली सोय या वेगळ्या गोष्टी आहेत. पॅनोरमिक सनरूफने छताची आतली उंची कमी होते, तेव्हा घरातल्या सगळ्यात उंच माणसाला मागे बसवूनच ते व्हेरिएंट ठरवा.

डिकी उघडून न बघणं

क्रेटाची डिकी ४३३ लिटरची, साध्या पेट्रोल ग्रँड विटाराची ३७३ आणि स्ट्राँग हायब्रिडची फक्त २६५, कारण बॅटरी तिथेच खाली बसवलेली आहे. सीएनजी घेतली तर डिकीतली बरीच जागा सिलिंडर खातो. दिवाळीत गावी जाताना लागणाऱ्या दोन मोठ्या बॅगा शोरूमला सोबत न्या आणि ठेवून बघा.

स्टार वाचताना वर्ष न बघणं

गाड्यांची टक्कर चाचणी घेऊन सुरक्षेचे स्टार देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२२ मध्ये क्रेटाला तीन स्टार दिले होते. तो निकाल तेव्हाच्या गाडीचा आणि तेव्हाच्या नियमांचा, २०२४ मध्ये बदललेल्या क्रेटाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. भारत एनकॅप ही भारताची स्वतःची चाचणी सुरू झाली १ ऑक्टोबर २०२३ ला, तिचे निकष वेगळे. स्टार कोणत्या संस्थेने, कधी, कोणत्या व्हेरिएंटला दिले हे एकत्रच वाचा. भारत एनकॅपमध्ये मोठ्यांच्या सुरक्षेचे ३२ पैकी आणि मुलांच्या सुरक्षेचे ४९ पैकी गुण वेगळे असतात, लहान मूल घरात असेल तर दुसरा आकडा आधी.

दोन कोटेशनची शेवटची ओळ फक्त ताडून बघणं

एका कोटेशनमध्ये झिरो डेप विमा (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारा) असतो, दुसऱ्यात साधा. एकात ॲक्सेसरीज घातलेल्या असतात, दुसऱ्यात ‘नंतर सांगतो’. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स लागतो, डिझेलला १४. पंधरा लाखांवर हाच फरक ३० हजारांचा. दहा लाखांच्या वर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर, लागतो, तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो. विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती नसते. ‘हँडलिंग चार्जेस’ दिसले तर ते कशाचे, हे लेखी विचारा.

जुन्या व्हिडिओतल्या किमतीही विसरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब पेट्रोल-डिझेल गाड्यांवर सेस जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी झाला.

बुकिंग झालं आणि आता शंका येतेय?

गाडीचं बिल बनेपर्यंत व्हेरिएंट बदलता येतो का, रद्द केल्यास किती रक्कम कापली जाईल, हे बुकिंग फॉर्मवर वाचा आणि ईमेलने विचारा. कर्ज मंजूर झालं असेल तर व्हेरिएंट बदलल्यावर बँकेकडून नवीन डिलिव्हरी ऑर्डर लागते, त्याचे दिवस धरा. पाडव्याचा किंवा दसऱ्याचा मुहूर्त गाठायच्या घाईत ‘हा रंग नाही, पण वरचं मॉडेल उभं आहे’ असं सुचवलं जातं. मुहूर्त चुकला तरी चालेल, पुढची आठ-दहा वर्षं नको असलेल्या गाडीचे हप्ते भरणं त्याहून जड.

नोंदणी होण्याआधी चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष लेखी घ्या. यार्डात जाऊन दिवसाउजेडी गाडी बघा: रंगाची छटा सगळ्या दारांवर सारखी आहे का, सगळ्या काचा आणि सनरूफ नीट उघडझाप होतात का, स्टेपनी आणि दुसरी किल्ली आहे का. टायरवर चार आकडी तारीख असते, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. काही खटकलं तर तिथेच सांगा आणि नोंदणी थांबवा. एकदा गाडी तुमच्या नावावर चढली की बदलून मिळणं फार अवघड होतं.